बेचिराग

नमुना कानडीत आहे. रकाना सातवा: कुटुंबे.
त्यात शून्य भरायला इतक्या लांब यायची गरज नव्हती.
मागच्या दोन खेपांना खानापूरच्या कचेरीत बसूनच भरलंय,
माझ्याच अक्षरात.

जीप नाल्याअलीकडे राहिली.
कारवीतून तासभर चाललो,
पायाखालची माती काळी झाली
तेव्हा कळलं, वाघशेत आलं.

कंपनी आली तेव्हा आधी वजनकाटा आला.
घरं नंतर. नळ त्याहून नंतर.
मँगनीज लोंढ्याला जायचं, लोंढ्याहून मुरगावला,
मुरगावहून कुठे ते आमच्यात कुणाला माहीत नव्हतं.
गंगव्वा वडर म्हणायची, समुद्रात ओततात,
माशांनी आपल्याला बघू नये म्हणून.
टाइमकीपर इनास फुर्तादो कोकणीत मोजायचा,
कानडीत ओरडायचा,
हजेरी मराठीत मांडायचा.
त्यावर भांडायला सवड नव्हती, भोंगा व्हायचा.

भोंगा दिवसातून तीनदा.
पल्याडच्या गवळीवाड्यानं धारांच्या वेळा त्यावर लावल्या होत्या.
खाण बंद पडली त्या आठवड्यात
म्हशी पान्हा सोडेनात.
वाघशेतचा इतिहास म्हणून एवढंच सांगितलं
तर लोक हसतात, आणि पुढचं विचारत नाहीत.

माझा बाप मष्णू बत्तीघरात.
खिडकीतून पितळी बिल्ला आत, कार्बाईडचा दिवा बाहेर.
पाळी सुटली की दिवा आत, बिल्ला बाहेर.
एकशे बारा बिल्ले, एकशे बारा खिळे.
खिळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस खाली आहे,
इतका साधा हिशेब.
त्याच्या हातांना लसणासारखा वास यायचा.
आई म्हणायची, आधी ते धू, मग पोराला घे.

शेवटच्या दिवशी एकशे अकरा दिवे परत आले.
सत्तावीस नंबर आला नाही.
बोगदा दोनदा धुंडाळला.
तिसऱ्यांदा बाप एकटाच उतरला.
वर आला तेव्हा ट्रकांत भांडीकुंडी चढत होती,
मॅनेजर घड्याळ बघत होता.
बापानं वहीत लिहिलं: सत्तावीस, बाकी.
दिव्याचे साडेनऊ रुपये त्याच्याच हिशेबातून कापले.
बिल्ला त्यानं खिळ्यावर तसाच ठेवला.

सटुप्पा मला वीस वर्षांनी भेटला,
म्हापशाच्या बाजारात, सुंगटं मोजताना.
बापाचं नाव सांगितल्यावर हात पुसले.
"खाली कशाला मरतो मी? पगार नाही म्हणून कळलं,
दिवा घेटलो आणि सुटलो, रातोरात, अनमोडाकडनं."
पाऊस होता. दिव्याला पाण्याची ददात नव्हती.
खडे संपले.
"मग दिवा?"
"उंबराच्या बुडात ठेवलो. परत येणार होतो की मी."
हे बापाला सांगायचं राहिलं.
म्हणजे, वेळ होता. सांगितलं नाही.

बत्तीघराला आता छप्पर नाही.
खिळे आहेत. मोजले, सत्त्याण्णव भरले.
बिल्ला एकही नाही.
सत्ताविसावा खिळा कुठला ते ठरवता येईना,
बाप डावीकडून मोजायचा की उजवीकडून,
हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

ज्या गावात दिवा लागत नाही त्याला दप्तरात बेचिराग म्हणतात.
कानडीत तोच शब्द थोडा झिजलेला, बेचराक.
इकडे पाट्यांवरून, शाळांवरून डोकी फुटली,
या शब्दावर मात्र अजून कुणी हक्क सांगितलेला नाही.
तो लिहिला.
मग शेऱ्याच्या रकान्यात, कागद गुडघ्यावर धरून: बाकी, एक.
हाही दोन्हीकडे चालतो.
तहसीलदार विचारतील, कसली बाकी?
घरपट्टी म्हणेन.